डीव्हीडी ड्राइव्हचा एरर वाचायचा कसा? दोष डिस्कचा, ड्राइव्हचा, केबलचा की कॉम्प्युटरचा?

देगलूर, उदगीर, किनवट, राजुरा, भालकी, औराद. या पट्ट्यातल्या माणसाला मोठं दुखणं निघालं की पाय हैदराबादकडेच वळतात. तपासण्या करून परत येताना पिशवीत औषधं असतात, जाडजूड फाइल असते आणि त्या फाइलच्या खिशात एक पातळ पाकीट असतं. पाकिटात सीटी स्कॅनची नाहीतर एमआरआयची सीडी. सहा महिन्यांनी गावातले डॉक्टर म्हणतात, ‘जुना स्कॅन दाखवा, तुलना करायची आहे.’ आणि मग लक्षात येतं की घरातल्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही.

पुढच्या हैदराबाद फेरीत कुणीतरी सिकंदराबादच्या पार्कलेनला, चेनॉय ट्रेड सेंटरमधून यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह आणतं. घरी आल्यावर डिस्क टाकायची, थोडी घरघर होते, आणि पडद्यावर एक इंग्रजी वाक्य येतं. ‘आय/ओ डिव्हाइस एरर’, नाहीतर ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’, नाहीतर नुसते आकडे.

इथे बहुतेक जण तीनपैकी एक गोष्ट करतात. डिस्क खराब झाली म्हणून टाकून देतात, ड्राइव्ह खराब म्हणून दुसरा आणतात, किंवा पडदा जे विचारेल त्याला ‘ओके’ म्हणतात. अनेकदा तिन्ही चुकीचं असतं. सीटी पुन्हा काढायचा तर पैसे जातात आणि क्ष-किरणही पुन्हा अंगावर घ्यावे लागतात. बरं, सहा महिन्यांपूर्वीची अवस्था दाखवणारा स्कॅन आज पुन्हा काढताच येत नाही. लग्नाच्या डीव्हीडीचंही तेच. म्हणून काही करण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: हा मेसेज नेमका कुणाकडे बोट दाखवतोय? डिस्ककडे, ड्राइव्हकडे, केबल आणि वीजपुरवठ्याकडे, की कॉम्प्युटरकडे? उत्तर त्या मेसेजमध्येच असतं. ते कसं शोधायचं, हे खाली दिलंय.

मेसेज असा विचित्र का असतो?

डिस्कवरची माहिती पडद्यावर येईपर्यंत बरेच हात बदलते. ड्राइव्हचा लेसर डिस्क वाचतो. ड्राइव्हमधली चिप ती माहिती यूएसबीच्या भाषेत घालते. केबल आणि पोर्टमधून ती विंडोजकडे येते आणि विंडोज ती तुम्ही उघडलेल्या प्रोग्रामला देतं.

अडचण आली की ड्राइव्ह आपलं म्हणणं तीन आकड्यांत सांगतो. ही पद्धत ‘स्कझी’ नावाच्या जुन्या मानकातली आहे. ते मानक १९८६ साली अमेरिकेत मंजूर झालं. आजच्या यूएसबी ड्राइव्हची केबल नवी असली, तरी तिच्यातून जाणारी बोली बहुतांशी तीच आहे. पहिला आकडा तक्रारीचा प्रकार सांगतो, त्याला ‘सेन्स की’ म्हणतात. पुढचे दोन आकडे तपशील देतात.

विंडोज मात्र हे आकडे आपल्याला सहसा दाखवत नाही. त्यांच्या जागी स्वतःचं एक ठरीव वाक्य दाखवतं. दहा वेगवेगळी कारणं एकाच वाक्याखाली झाकली जातात. ‘आय/ओ डिव्हाइस एरर’ वाचून डोकं खाजवावं लागतं ते यामुळेच.

एक सूचना: इथे आकडे मराठीत दिलेत, पडद्यावर ते इंग्रजीत दिसतील. काही ठिकाणी आकड्यांच्या मध्येच ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरं येतात. ती १० ते १५ यांच्या जागी असतात, घाबरायचं कारण नाही.

पहिला आकडा: बोट कुणाकडे?

०२, नॉट रेडी: ड्राइव्ह तयार नाही. आत डिस्क नाही, ट्रे नीट बंद नाही, किंवा डिस्क अजून ओळखायची आहे. अर्धा मिनिट थांबून पुन्हा बघा.

०३, मीडियम एरर: बोट डिस्ककडे. ड्राइव्ह म्हणतो, ‘मी ठीक आहे, पण समोरचं वाचता येत नाही.’

०४, हार्डवेअर एरर: बोट स्वतःकडे. ड्राइव्हच्या मोटरमध्ये, लेसरमध्ये किंवा चिपमध्ये काही बिघडलंय.

०५, इल्लिगल रिक्वेस्ट: शब्द भीतीदायक आहे, पण कायद्याशी त्याचा काही संबंध नाही. कॉम्प्युटरने अशी गोष्ट मागितली जी हा ड्राइव्ह किंवा ही डिस्क देऊ शकत नाही, एवढाच अर्थ. दोष बहुधा प्रोग्रामचा किंवा डिस्कच्या प्रकाराचा असतो.

०६, युनिट अटेन्शन: नुसती वर्दी. ‘डिस्क बदलली’ किंवा ‘मी आत्ताच चालू झालो.’ एकदा आली तर सोडून द्या. कॉपी चालू असताना पुन्हापुन्हा आली, तर ड्राइव्ह मध्येच बंद पडून परत चालू होतोय. केबल आणि वीज तपासा.

०बी, अबॉर्टेड कमांड: काम अर्ध्यात सुटलं. आधी केबल आणि पोर्ट बघा.

पुढचे दोन आकडे: नेहमी भेटणारी मंडळी

तिन्ही आकडे एकत्र वाचायचे. घरोघरी दिसणारे हे:

- ०२/३ए/००: आत डिस्क नाही. शेवटी ०१ असेल तर ट्रे बंद आहे पण रिकामा, ०२ असेल तर ट्रे उघडा. डिस्क आत असूनही हे येत असेल, तर लेसरला ती दिसतच नाही. डिस्क उलटी आहे का, लेन्सवर धूळ आहे का, ते बघा.
- ०२/०४/०१: तयार होतोय, थांबा.
- ०२/३०/००: या प्रकारची डिस्क या ड्राइव्हला चालत नाही. ब्ल्यू-रे डिस्क साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घातली की असला मेसेज येतो.
- ०३/११/००: एका जागची माहिती प्रयत्न करूनही वाचता आली नाही. ओरखडा, डाग किंवा जुनी झालेली डिस्क.
- ०३/५७/००: डिस्कच्या आतल्या कडेजवळची अनुक्रमणिकाच वाचता येत नाही. मधल्या भोकाजवळ बोटांचे ठसे किंवा चीर आहे का, ते पाहा.
- ०३/०२/००: लेसरला मागितलेल्या जागी पोचता आलं नाही. डिस्क खराब असेल किंवा लेसर सरकवणारी यंत्रणा अडत असेल. दुसऱ्या डिस्कलाही हेच आलं, तर ड्राइव्हचा दोष.
- ०३/७३/०३: डिस्कवर लिहिताना येतो. लिहिण्याआधी ड्राइव्ह लेसरची ताकद थोड्या जागेवर आजमावून बघतो, ती चाचणी फसली. कोरी डिस्क दुसऱ्या कंपनीची घ्या, वेग कमी ठेवा. तरीही तेच आलं, तर लेसर थकलाय.
- ०४/०९/००: लेसरला डिस्कवरची वाट धरून राहता येत नाही.
- ०४/४४/००: ड्राइव्हमध्ये अंतर्गत बिघाड. तार काढून पाच मिनिटांनी दुसऱ्या पोर्टला लावा. कायम राहिला, तर ड्राइव्हच बदलावा लागेल.
- ०५/६४/००: गाण्यांची ऑडिओ सीडी साध्या फाइलींसारखी वाचायला गेलात. भजनांची जुनी सीडी कॉम्प्युटरवर घ्यायची तर ‘कॉपी-पेस्ट’ चालत नाही, गाणी ‘रिप’ करावी लागतात.
- ०५/६एफ/०४: डीव्हीडीचा प्रदेश जुळत नाही. भारत ५ क्रमांकाच्या प्रदेशात येतो, अमेरिका १ मध्ये. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली सिनेमाची डीव्हीडी त्यामुळे अडते. ड्राइव्हचा प्रदेश साधारणपणे ५ वेळाच बदलता येतो, शेवटची निवड कायमची राहते. म्हणून तिथे ‘ओके’ दाबताना जपून. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कना हे बंधन नसतं.

विंडोजची वाक्यं आणि त्यांचा अर्थ

विंडोजचा लांबलचक आकडा ‘०एक्स८००७’ने सुरू होत असेल, तर सुरुवात सोडून द्या. शेवटच्या चार जागांमध्ये खरा क्रमांक असतो, फक्त तो १६च्या पाढ्यात लिहिलेला असतो. उदाहरणार्थ ‘०४५डी’ म्हणजे ४ गुणिले २५६, अधिक ५ गुणिले १६, अधिक १३. बेरीज १११७. हाच विंडोजचा ‘आय/ओ डिव्हाइस एरर’. आकडा वेगळा दिसला तरी मेसेज तोच.

- क्रमांक २१, ‘द डिव्हाइस इज नॉट रेडी’ (शेवट ००१५): वरचा ०२ हाच. थांबा, डिस्क काढून पुन्हा घाला.
- क्रमांक २३, ‘डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक’ (शेवट ००१७): वाचलेली माहिती आणि तिची पडताळणीची बेरीज जुळली नाही. किराणा दुकानात मांडलेला हिशेब आणि खालची बेरीज न जुळण्यासारखं. बहुधा डिस्कचा दोष.
- क्रमांक १, ‘इनकरेक्ट फंक्शन’ (शेवट ०००१): डिस्क कोरी आहे, तिचा प्रकार चालत नाही, किंवा ती ‘फायनलाइझ’ केलेली नाही. कॅमेऱ्यावर किंवा टीव्हीजवळच्या रेकॉर्डरवर भरलेली डिस्क शेवटी बंद करावी लागते. ते राहिलं असेल तर दुसऱ्या यंत्राला ती कोरी दिसते. टाकून देऊ नका. तोच कॅमेरा किंवा रेकॉर्डर मिळाला तर त्यावर फायनलाइझ करता येते.
- क्रमांक १११७, ‘आय/ओ डिव्हाइस एरर’ (शेवट ०४५डी): कुणाचाही दोष असू शकतो. इथे खालची अदलाबदलीची चाचणी करावीच लागते.
- क्रमांक १२१, ‘सेमाफोर टाइमआउट’ (शेवट ००७९): उत्तराची वाट पाहून विंडोज थकलं. केबल, हब, वीजपुरवठा बघा.
- क्रमांक १३९२, ‘फाइल ऑर डिरेक्टरी इज करप्टेड’ (शेवट ०५७०): ड्राइव्हने माहिती दिली, पण ती विंडोजला लावता येईना. अर्धवट लिहिलेल्या डिस्कवर किंवा तार ओढून काढलेल्या हार्ड डिस्कवर दिसतो.

ड्राइव्ह ‘धिस पीसी’मध्ये दिसतच नसेल, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे पिवळं चिन्ह आणि ‘कोड’ असतो. कोड ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. आधी दुसरा पोर्ट, मग दुसरी केबल बघा. कोड १९, ३१, ३९ किंवा ४१ डीव्हीडी ड्राइव्हसमोर दिसला, तर बऱ्याचदा दोष विंडोजच्या नोंदींचा असतो. जुना बर्निंग प्रोग्राम काढल्यावर असं होतं. ड्राइव्ह चांगला असतो, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला की चालतो.

पडद्यामागचा मेसेज कुठे सापडतो?

विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा. ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टिम’वर जा. एरर आला त्या वेळेच्या लाल-पिवळ्या नोंदी शोधा. इव्हेंट ७ म्हणजे खराब जागा सापडली, संशय डिस्कवर. इव्हेंट ११ म्हणजे जोडणीत गडबड, संशय केबल किंवा ड्राइव्हवर. नोंदीत ‘सीडीरॉम’ हा शब्द आहे ना, तेही बघा. नाहीतर दुसऱ्याच डिस्कचा दोष याच्या माथी मारला जाईल.

तिन्ही आकड्यांचा अर्थ उघड दिसायला हवा असेल, तर ‘इमेजबर्न’सारखा मोफत प्रोग्राम उपयोगी पडतो. डिस्क वाचताना तो ‘मीडियम एरर’, ‘नो सीक कम्प्लीट’ असं स्पष्ट लिहितो. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये डी-एम-ई-एस-जी ही कमांड द्यावी. तिथे ‘सेन्स की’ शब्दांतच छापलेली असते. सेन्स की न दिसता ‘एरर -७१’ किंवा ‘एरर -११०’ दिसला, तर डिस्कपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. यूएसबीच्या जोडणीतच घोटाळा आहे.

सगळ्यात दुर्लक्षित आरोपी: वीज

बाहेरच्या सडपातळ ड्राइव्हला वेगळा अ‍ॅडॉप्टर नसतो, तो यूएसबीतूनच वीज घेतो. जुन्या यूएसबी २ पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे, यूएसबी ३ ची ९००. डिस्क फिरवायला सुरुवात करताना अशा ड्राइव्हला याहून जास्त, कधी १ अँपिअरच्या आसपास लागू शकते. बहुतेक पोर्ट थोडं जास्त देतात म्हणून काम भागतं. पोर्ट अशक्त असेल तर भागत नाही.

खूण सोपी आहे. डिस्क फिरायला लागते, मंदावते, पुन्हा फिरते. ड्राइव्हचा दिवा विझून परत लागतो. विंडोजचा जोडल्या-तोडल्याचा ‘टुंग-टुंग’ आवाज सारखा येतो. असं दिसलं की डिस्कला दोष देऊ नका. ड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, हब मध्ये नको. डेस्कटॉप असेल तर पुढच्याऐवजी मागच्या पोर्टला लावा. लांब केबल काढून आखूड घाला. काही ड्राइव्हना दोन यूएसबी टोकांची केबल येते. दुसरं टोक शोभेचं नसतं, ते जादा विजेसाठी असतं. तेही लावायचं.

अदलाबदलीची चाचणी

मेसेज संदिग्ध असेल, तर जुना मेकॅनिक करतो तेच करा: एका वेळी एकच गोष्ट बदला.

१. आधी पोर्ट बदला, मग केबल. एरर गेला तर तपास संपला.

२. याच ड्राइव्हमध्ये नक्की चालणारी दुसरी डिस्क घाला. ती चालली तर संशय पहिल्या डिस्कवर.

३. एक सीडी आणि एक डीव्हीडी, दोन्ही घालून बघा. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेसर लागतात. एक मेला तरी दुसरा चालू राहतो. ‘सीडी चालते, डीव्हीडी नाही’ असं दिसलं, तर ड्राइव्ह अर्धा गेलेला आहे.

४. हाच ड्राइव्ह आणि हीच डिस्क शेजारच्या कॉम्प्युटरवर लावा. तिथे चाललं तर दोष तुमच्या विंडोजचा.

सगळं मिळून पंधरा मिनिटं लागतात. यात पैसा खर्च होत नाही आणि डिस्कचं काही बिघडतही नाही.

दोष डिस्कचाच निघाला तर

घाबरू नका, एरर आला म्हणजे सगळं गेलं असं नाही. सीडीवर माहिती लिहितानाच दुरुस्तीची जादा माहिती पेरलेली असते. साधारण अडीच मिलिमीटरपर्यंत सलग खराब झालेला भागही ऑडिओ सीडीवर पूर्ण भरून काढता येतो. डेटा सीडीवर त्याहून एक थर जास्त असतो.

मऊ, स्वच्छ सुती कापडाने डिस्क पुसा, पण गोल गोल नाही. मधल्या भोकापासून सरळ बाहेरच्या कडेकडे पुसायचं. गोल पुसताना पडलेला ओरखडा डेटाच्या वाटेवरून लांबवर जातो. आडवा ओरखडा ती वाट फक्त ओलांडतो. टूथपेस्ट वगैरे घरगुती उपाय शेवटपर्यंत टाळा.

वरची, नाव लिहायची बाजूही जपा. सीडीत डेटाचा थर खालच्या चकचकीत बाजूला नसतो. तो वरच्या बाजूला, लेबलच्या अगदी खाली असतो. बॉलपेनने रुग्णाचं नाव दाबून लिहिलं तर थेट डेटावरच ओरखडा. डीव्हीडीत तो थर दोन तबकड्यांच्या मध्ये असतो, म्हणून थोडा सुरक्षित. लिहायचंच तर मऊ टोकाच्या मार्करने, शक्यतो आतल्या पारदर्शक कड्यावर.

मग डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, शक्यतो जुन्या डेस्कटॉपच्या मोठ्या ड्राइव्हमध्ये. एका ड्राइव्हला न वाचलेली डिस्क दुसऱ्याला वाचता येते, हा नेहमीचा अनुभव आहे. फाइली एकेक करून उघडत बसू नका. आधी पूर्ण डिस्कची नक्कल, म्हणजे ‘इमेज’ काढा. लिनक्सवरचा ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्राम यासाठीच आहे. तो चांगला भाग आधी उचलतो आणि खराब जागांकडे नंतर वळतो. कुठलं मिळालं, कुठलं राहिलं याचा नकाशा एका फाइलमध्ये ठेवतो. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तोच नकाशा दिला, तर फक्त राहिलेल्या जागा वाचायचा प्रयत्न करतो. अशा दोन-तीन ड्राइव्हच्या मेहनतीतून डिस्क पूर्ण हाती लागू शकते.

दवाखान्याची सीडी: एरर नसलेला एरर

सीटी-एमआरआयच्या सीडीबाबत पुष्कळदा डिस्क उत्तम वाचली जाते, तरीही ‘सीडी चालत नाही’ म्हणतात. कारण डिस्कवरचा पाहण्याचा प्रोग्राम फक्त विंडोजसाठी असतो, जुना असतो, किंवा अँटिव्हायरस त्याला अडवतो. तो मेसेज ड्राइव्हचा नसतो.

डिस्क उघडून ‘डायकॉमडिर’ नावाची फाइल आहे का बघा. असेल तर स्कॅन शाबूत असण्याची शक्यता मोठी. आतल्या फोल्डरांत विचित्र नावांच्या, कुठलंही शेपूट नसलेल्या फाइली दिसतील. त्याच प्रतिमा. त्या फाइलींची नावं बदलू नका, एकही वगळू नका. पूर्ण डिस्क जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या. ‘मायक्रोडायकॉम’ किंवा ‘वीसिस’ हे प्रोग्राम त्या उघडतात. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो डॉक्टरांच्या कामाचा नसतो, त्यांना मूळ फाइलीच लागतात.

आणि सोपी गोष्ट: सीडी हातात मिळाली की हैदराबाद सोडण्याआधीच ती उघडते का, हे तिथेच बघायला सांगा. नंतर देवगिरी किंवा अजिंठा पकडून परत येण्यापेक्षा काउंटरवर दहा मिनिटं थांबलेलं परवडतं.

बाहेरची हार्ड डिस्क असेल तर

आकड्यांची भाषा तीच, पण धोका मोठा. सीडी वाचताना तिच्यावर काही लिहिलं जात नाही. हार्ड डिस्कवर मात्र एका क्लिकने होत्याचं नव्हतं होऊ शकतं.

‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’ हा प्रश्न आला तर उत्तर ‘कॅन्सल’. विंडोजला फाइलींची यादी लावता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. फाइली बहुधा जागेवर असतात. हवं असलेलं बाहेर काढेपर्यंत ‘चेक डिस्क’ही चालवू नका, कारण दुरुस्ती करताना तोही डिस्कवर लिहितो.

‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्राम डिस्कची तब्येत दाखवतो. ०५, सी५ आणि सी६ या ओळींत शून्याहून मोठे आकडे असतील तर पृष्ठभाग खराब होतोय, नक्कल लगेच काढा. फक्त सी७ वाढत असेल तर दोष जोडणीचा, डिस्क बदलायची घाई नको. ‘टक-टक’ असा ठराविक आवाज येत असेल, तर डिस्क बंद करा आणि पुन्हा लावून बघू नका. प्रत्येक प्रयत्नाला नुकसान वाढू शकतं. फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर हात जोडा. आत दव धरलं की उरलीसुरली आशाही जाते.

हैदराबादच्या दुकानात नेताना

चेनॉय ट्रेड सेंटर असो की कोटीची गुजराती गल्ली, दुकानात गर्दी असते आणि माणूस घाईत असतो. ‘चालत नाही’ एवढंच सांगितलं, तर तो सवयीने फॉरमॅट करून ड्राइव्ह ‘चालू’ करून देईल. त्याच्या लेखी काम झालं, तुमच्या लेखी सगळं गेलं. म्हणून एररचा फोटो दाखवा आणि आधीच सांगा: ‘फॉरमॅट नक्को करो भाई, अंदर का डेटा होना.’ दखनीतला ‘नक्को’ आपल्याच ‘नको’चा सोयरा आहे, नीट समजेल.

सोबत ड्राइव्ह, त्याची मूळ केबल आणि अडलेली डिस्क, तिन्ही न्या. कुठली डिस्क चालते, कुठली नाही, हेही कागदावर लिहून न्या. सेन्स की ०३ असेल तर नवीन ड्राइव्ह लगेच घेऊ नका. आधी दुकानातल्या ड्राइव्हमध्ये तुमची डिस्क वाचून दाखवायला सांगा. ०४ असेल आणि वॉरंटी शिल्लक असेल, तर ड्राइव्ह उघडू देऊ नका. डेटा काढून देणाऱ्याकडे वस्तू सोपवण्याआधी तपासणीचे पैसे किती, डेटा निघाला नाही तर किती, हे पावतीवर लिहून घ्या. आजारपणाचे कागद आणि घरचे फोटो असलेली डिस्क शक्यतो समोर बसूनच उतरवून घ्यावी.

एकदा डिस्क वाचली की तिथेच थांबू नका. तिची एक नक्कल लॅपटॉपवर आणि दुसरी पेनड्राइव्हवर ठेवा. नावात रुग्णाचं नाव, तपासणी आणि तारीख टाका. मूळ डिस्क उन्हापासून दूर, डब्यात उभी ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांनी ‘जुना स्कॅन दाखवा’ म्हटलं, की ड्राइव्ह शोधत बसावं लागणार नाही.